नक्कल करणारींचीं नांवें

या सदराच्या वाचकांना माझ्याकडून भरतकामावर कांहीं वाचावयास मिळेल अशी अपेक्षा नसेल, आणि खरें सांगावयाचें तर त्या विषयावर लिहिण्याचा मला अधिकारही नाहीं. सदऱ्याची गुंडी तुटली तर ती लावून घेण्यासाठीं मी अजूनही घरांतील कोणाची तरी सवड पाहत बसतों. जन्मभर मुलांना शब्दरूपें आणि समास शिकविले. सुईशीं संबंध आला तो वह्या शिवण्यापुरता. असें असतांही या महिन्याचा लेख सुईदोऱ्याला वाहिला आहे. त्याचें कारण थोडें लांबून सांगावें लागेल.

२०२४ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां विलायतेस चिरंजीवांकडे चार महिने राहून आलों. लंडनच्या पश्चिमेस, आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंतबाहेर, रेडिंग म्हणून गांव आहे. तेथें त्यांचें बिऱ्हाड. सूनबाईंना भरतकामाची आवड माहेरापासूनची. रेडिंगला गेल्यावर त्यांना एक लहानसें मंडळ सांपडलें. दहाबारा सभासद, महिन्यांतील दोन शनिवारीं दुपारीं एका वाचनालयाच्या मागल्या खोलींत जमतात. त्यांचा नेम असा कीं, आपल्या मनचें कांहीं भरावयाचें नाहीं. जुनें, कित्येक शतकांपूर्वींचें एखादें काम घ्यावयाचें, तें कोणत्या कापडावर, कोणत्या दोऱ्यानें, कोणत्या टांक्यानें केलें होतें याचा शोध करावयाचा, आणि तसेंच पुन्हां करून पाहावयाचें. वर्गणी थोडी, चहा आपापला. पहिल्या शनिवारीं मी त्या खोलींत शिरलों तो केवळ पावसामुळें. सूनबाईंना पोंचवून परत फिरावयाचें होतें, तों सरीवर सर येऊं लागली.

सभासदांत एक निवृत्त परिचारिका, औषधांच्या दुकानांत काम करणाऱ्या एक बाई, महाविद्यालयांत शिकणारी एक मुलगी, आणि (मीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें) आगगाडीचे इंजिन चालविण्यांत हयात गेलेले एक वृद्ध गृहस्थ, हातांत सुई धरून. पुढें वाचनांत आलें कीं यांत नवल कांहीं नाहीं. तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडचें भरतकाम साऱ्या युरोपांतील धर्मपीठांत नांवाजलेलें होतें, आणि लंडनच्या ज्या कारखान्यांतून तें होई तेथें स्त्रियांबरोबर पुरुषही बसत. आमच्याकडेही वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत सूचीकर्म आहेच. तें केवळ स्त्रियांचें असें आपण कधीं ठरविलें कोण जाणे.

त्या दिवशीं प्रत्येकाचें काम टेबलावर मांडलें होतें. औषधवाल्या बाईंनीं तीनदां उसवून चौथ्यांदा भरावयास घेतलेला एक निळा घोडा, चालक गृहस्थांची जहाजाची शीड, विद्यार्थिनीचीं दोन पांखरें. हे सारे तुकडे एकाच मूळ कामांतून घेतलेले होते, आणि त्या मूळ कामाची पूर्ण लांबीची नक्कल त्यांच्याच गांवच्या संग्रहालयांत असल्यामुळें मंडळानें त्या वर्षासाठीं तेंच निवडलें होतें. चार दिवसांनीं सूनबाईंनीं आम्हांला ती दाखविण्यास नेलें. तिची हकीकत सांगतों.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतांत बायो नांवाचें एक जुनें गांव आहे. (कोंकणांतल्या कानाला हें नांव हांकेसारखें लागतें, सौभाग्यवतींनीं पहिल्यांदा ऐकलें तेव्हां मागें वळून पाहिलें.) तेथें जवळजवळ ७० मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशी लिननची, म्हणजे जवसाच्या तंतूंच्या कापडाची, एक पट्टी नऊशें वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहे. १०६६ सालीं नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम यानें समुद्र ओलांडून इंग्लंडवर स्वारी केली, १४ ऑक्टोबर रोजीं हेस्टिंग्जजवळच्या लढाईंत राजा हॅरल्ड मारला गेला आणि राज्य विल्यमकडे गेलें. ती हकीकत या पट्टीवर लोकरीच्या दोऱ्यांनीं चित्रांत भरली आहे आणि चित्रांसोबत लॅटिन वाक्यें आहेत. विल्यमचा सावत्र भाऊ ओडो हा बायोचा धर्माध्यक्ष होता. त्याच्यासाठीं, लढाईनंतर फार वर्षें लोटण्यापूर्वीं, ती बहुधा इंग्लंडांतच कँटरबरीस तयार झाली, असें बहुतेक विद्वान् मानतात. तिला 'टॅपेस्ट्री' म्हणण्याची रूढि आहे, पण ती चुकीची. टॅपेस्ट्री मागावर विणतात, चित्र वस्त्राबरोबरच जन्मास येतें. येथें कापड आधीं, चित्र मागून. आपला 'भरतकाम' हाच शब्द येथें यथार्थ आहे, कारण यांतील मुख्य टांका खरोखरच जागा भरण्याचा आहे.

तो टांका चालक गृहस्थांनीं मला मोठ्या शांतपणें दाखविला. कडा आणि अक्षरें देठाच्या टांक्यानें घालतात. आंतील जागेंत लोकरीचे दोरे एकाशेजारीं एक असे दाट पसरतात. त्यांवर उलट दिशेनें, अंतराअंतरानें, दुसरे दोरे टाकतात. आणि हे वरचे दोरे बारीक टांक्यांनीं कापडाशीं जखडून टाकतात. त्यामुळें जवळजवळ सगळी लोकर दर्शनी बाजूस राहते, मागें फारशी जातच नाहीं. दोरा वांचतो आणि काम लवकर उरकतें. सौभाग्यवतींनीं हें पाहून 'घर चालविणाऱ्या बाईनें काढलेला टांका दिसतो' असा अभिप्राय दिला, तो सूनबाईंनीं इंग्रजींत सांगितला, आणि त्या खोलींत आमची जी कांहीं प्रतिष्ठा झाली ती तेवढ्यानें झाली. मूळ पट्टींत लोकरीच्या दहा छटा आहेत, त्या सर्व अवघ्या तीन वनस्पतींच्या रंगांतून: मंजिष्ठेच्या कुळांतील एक मूळ तांबड्याला, वेल्ड नांवाचें रोप पिवळ्याला, वोड निळ्याला.

पट्टीवर माणसें शेंकड्यांनीं आहेत; राजे, शिपाई, सुतार, स्वयंपाकी, नावाडी. मुख्य पट्टींत स्त्रिया किती? तीन. एक मरणोन्मुख राजा एडवर्डच्या पायाशीं बसून रडते आहे. एक पेटलेल्या घरांतून मुलाचा हात धरून बाहेर पडते आहे. तिसरीच्या डोक्यावर 'एल्फगिव्हा' असें नांव भरलेलें आहे. तिघींत नांव आहे तें या एकीलाच, आणि ही एल्फगिव्हा कोण याविषयीं पंडितांचें आजवर एकमत नाहीं. ज्यांच्या सुईंतून हे सारे राजे आणि घोडे उतरले, त्या तर कोठेंच नाहींत. त्या स्त्रिया असाव्यात असा तर्क आहे. याहून अधिक त्यांच्याविषयीं कोणास कांहीं सांगतां येत नाहीं.

आतां नकलेकडे येऊं. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यांत लीक नांवाचें रेशमाच्या धंद्याचें गांव आहे. तेथें टॉमस वॉर्डल म्हणून रेशीम रंगविणारा एक मोठा कारखानदार होता. १८७५ नंतर विल्यम मॉरिस या प्रसिद्ध कलावंतानें वनस्पतींचे रंग पुन्हां प्रचारांत आणण्याचे प्रयोग याच्याच भट्टीवर केले. आपणांस या वॉर्डलची ओळख असावी याला आणखी एक कारण आहे. आपल्या जंगलांतील टसर रेशीम रंग नीट धरीत नाहीं म्हणून विलायतेंत त्याला कोणी विचारीत नसे. त्यावर रंग चढविण्याची युक्ति यानें वर्षानुवर्षें खटपट करून साधली आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तें रंगीत टसर मांडून दाखविलें. त्याची पत्नी एलिझाबेथ. चौदा मुलांची ही आई. तरुण गृहिणींसाठीं ३६६ सोप्या आणि स्वस्त जेवणांचें एक पुस्तक तिनें लिहिलें आहे. (लीप वर्षाचाही दिवस उपाशी जाऊं नये ही दृष्टि पाहा.) या बाईनें १८७९ च्या सुमारास गांवांतील स्त्रियांचें एक भरतकाम-मंडळ काढलें. नवरा टसर रंगवी, त्यावर नक्षी छापी. मंडळांतील बाया त्यावर रेशमानें भरीत. आमच्या अरण्यांतील किड्यांचें रेशीम अशा रीतीनें विलायती देवळांच्या वेदीपर्यंत पोंचलें.

१८८५ सालीं एलिझाबेथबाईंनीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्यूझियमांत बायोच्या पट्टीचीं मूळाबरहुकूम मोठीं, हातानें रंगविलेलीं छायाचित्रें पाहिलीं. आपल्या देशाच्या इतिहासाची ही पट्टी परदेशांत, आणि आपल्याकडे तिची प्रतही नसावी, हें त्यांना लागलें. म्यूझियमानें छायाचित्रें उसनीं दिलीं. लिझी अॅलन नांवाच्या बाईंनीं त्यांवरून आकृति उतरवून घेतल्या. लोकर वॉर्डलनें वनस्पतींच्या रंगांत रंगवून दिली. त्याच सुमारास, म्हणजे १८८५-८६ मध्यें, हा गृहस्थ रेशमाच्या कामासाठीं हिंदुस्थानांत हिंडत होता, आणि इकडे पस्तिसांच्या वर बाया, कांहीं लीकच्या, कांहीं परगांवच्या, कामास बसल्या होत्या. वर्षाहून थोडा अधिक काळ लागला. १८८६ सालीं सत्तर मीटरांचें तें काम पुरें होऊन लीकमध्यें लोकांसमोर मांडलें गेलें, मग गांवोगांव फिरलें, आणि १८९५ सालीं आर्थर हिल नांवाच्या रेडिंगच्या एका माजी नगराध्यक्षानें तें तीनशें पौंडांस विकत घेऊन आपल्या गांवाला अर्पण केलें. तेव्हांपासून तें रेडिंगचें आहे. विल्यमचा मुलगा पहिला हेन्री यानें ११२१ सालीं याच गांवीं मोठा मठ बांधला होता. बापाची हकीकत मुलाच्या गांवीं आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

नक्कल म्हटली कीं आपल्या मनांत एक हलकेपणा येतो. वर्गांत मींही नकलेबद्दल पुष्कळ छड्या मारल्या आहेत. पण त्या कांचेपुढें उभें राहिल्यावर मला वर्गांतली नक्कल आठवली नाहीं, पोथी आठवली. पोथी लिहिणाराही नक्कलच करी. ग्रंथ व्यासाचा, कालिदासाचा. याचा एक शब्द नाहीं. पण शेवटच्या पानावर तो पुष्पिका लिही: शक, मास, तिथि, गांव, आपलें नांव, बापाचें नांव. पाठ मोडली, मान वांकली, नजर खालीं लागून राहिली, इतक्या कष्टानें लिहिलेला हा ग्रंथ तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, अशी विनवणीही पुष्कळ लेखक करीत. लीकच्या बायांनीं हेंच केलें आहे. प्रत्येकीनें आपण भरलेल्या तुकड्याखालीं आपलें नांव सुईनें लिहिलें आहे. मी थोडा वेळ लढाई पाहिली, आणि मग लढाई सोडून खालचीं नांवें वाचीत चाललों. वर विल्यम घोडे जहाजांत चढवितो आहे आणि खालीं एक कुमारी. वर राजा मारला जातो आहे आणि खालीं एक सौभाग्यवती. मूळ पट्टींत सारें पाहून स्त्रीचें नांव एक, नकलेंत पस्तिसांवर.

आतां एक गंमत, जिच्यावरून त्या मंडळांत जवळजवळ भांडण जुंपलें. मूळ पट्टीच्या खालच्या-वरच्या किनारींत कांहीं ठिकाणीं विवस्त्र मनुष्याकृति आहेत. लीकच्या नकलेंत त्यांपैकीं एकानें चड्डी घातली आहे! पुष्कळ वर्षें लोक हंसत आले कीं, पाहा या व्हिक्टोरियाच्या काळच्या बायांची लाज. वस्तुतः बायांचा यांत अपराध नाहीं. म्यूझियमच्या छायाचित्रांवरच तेथील पुरुष मंडळींनीं तेवढा भाग सभ्य करून ठेवला होता. बायांनीं समोर जें होतें तें टांक्याटांक्यानें उतरविलें. त्या शनिवारीं निवृत्त परिचारिकाबाईंनीं नेमकी हीच आकृति आपल्या तुकड्यासाठीं निवडली होती, आणि प्रश्न असा कीं, नक्कल मूळाची करावयाची कीं नकलेची? विद्यार्थिनीचें म्हणणें, चड्डी हा अपपाठ आहे, तो काढून टाका. चालक गृहस्थांचें म्हणणें, आपल्या गांवची पट्टी जशी आहे तशी. शंभर-सव्वाशें वर्षें ती चड्डी त्यानें घातली आहे, आतां ती त्याचीच झाली. परिचारिकाबाई म्हणाल्या, मीं आयुष्यभर उघडीं माणसें पाहिलीं, मला दोन्हीं सारखींच.

येथें माझ्यांतल्या मास्तराला राहवलें नाहीं. मीं सूनबाईंकडून सांगितलें कीं आमच्या पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध होत होती. तेथील पंडितांनीं शेंकडों पोथ्या पाहून जो पाठ जुन्यांत जुना ठरला तो वर छापला, पण टाकलेला एकही पाठभेद नष्ट केला नाहीं, तो तळटीपेंत ठेवला. तेव्हां बाईंनीं मूळाप्रमाणें भरावें, आणि चड्डी कोपऱ्यांत वेगळी भरून ठेवावी. हें ऐकून सारे इतके हंसले कीं माझी सूचना मान्य झाली कीं नाहीं हें मला त्या दिवशीं कळलें नाहीं. पुढच्या बैठकींत पाहिलें तों बाईंनीं खालच्या कोपऱ्यांत बोटभर चड्डी खरोखरीच भरली होती.

अशीं मंडळें युरोपांत पुष्कळ आहेत. डेन्मार्कच्या उत्तरेस लिंडहोल्म होये येथील एका मंडळानें २००० सालीं हीच पट्टी भरावयास घेतली, ती २०१४ सालीं पुरी केली. लीकच्या बायांना एक वर्ष, यांना चौदा. मला यांत कोणाचा कमीपणा दिसत नाहीं. चौदा वर्षें एकत्र बसतां आलें हीच मोठी गोष्ट, आमच्या गांवचें गीता-मंडळ तीन वर्षांत फुटलें. इंग्लिश खाडींत ऑल्डर्नी नांवाचें अवघ्या दोन हजार वस्तीचें बेट आहे. मूळ पट्टीचा शेवटचा भाग फार पूर्वींच नाहींसा झाला आहे. पळणाऱ्या शिपायांवर ती मध्येंच तुटते. तेव्हां या बेटावरच्या लोकांनीं २०१२ सालीं आपल्या वाचनालयांत चौकट मांडली आणि नाताळांतील विल्यमच्या राज्याभिषेकापर्यंतचा शेवट आपल्या कल्पनेनें भरावयास घेतला. येणाराजाणारानें चार टांके घालावे. चारशेंहून अधिक लोकांचे हात त्याला लागले. त्या वेळचे युवराज चार्ल्स आणि त्यांच्या पत्नी यांचेही. पुढें तें बायोला नेऊन मांडलें. हें काम मोठ्या मनाचें खरें, पण माझ्या जुन्या मनाला त्यापेक्षां लीकची नक्कल अधिक पटते. जें नाहींसें झालें तें झालें. आपण त्याच्या जागीं आपलें घालावें, पण मग त्याला शेवट म्हणूं नये.

हें मी मोठ्या तोऱ्यानें म्हणत होतों, तों माझ्यावरच पाळी आली.

त्या मंडळाची एक रीत आहे. काम दाखवितांना तें उलटें करून दाखवावें लागतें. बायोची मूळ पट्टी १९८२-८३ मध्यें तपासली गेली तेव्हां मागील बाजू पाहावयास मिळाली, आणि पुढें फिकटलेले रंग मागें ताजे निघाले. तेव्हांपासून मागची बाजू ही या लोकांची जणूं साक्षीदार आहे. परिचारिकाबाई त्यांच्यांत सर्वांत वडील. त्यांनीं सूनबाईंचा तुकडा उलटून पाहिला, 'ठीक' म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून विचारलें, तुमच्या घरीं जुन्या हातचें कांहीं आहे काय?

मीं मान हलवून 'आहे' म्हटलें. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. घरीं येतांना बसमध्यें त्या खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "अहो, कशाला 'आहे' म्हणालांत? तो रुमाल आतां कुठें आहे?"

रुमाल कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. कोठें गेला तें मात्र ठाऊक आहे. माझ्या आजोबांची धाकटी बहीण बाळपणींच विधवा होऊन आमच्या घरीं आली ती जन्मभर राहिली. वडिलांची ती आत्या, म्हणून आम्हां मुलांचीही आत्याच. ती १९७४ सालीं गेली. सोंवळ्यांत स्वयंपाक करावा, दुपारीं वाती वळाव्यात, आणि ओटीवर ऊन असेपर्यंत कांहींतरी भरीत बसावें, एवढेंच तिचें मला आठवतें. आमच्या घरच्या भागवताच्या पोथीला बांधावयाचा एक रुमाल तिनें भरलेला होता. तांबडें कापड, मध्यें कमळ, चारी कोपऱ्यांना राघू. १९८९ सालीं दिवाळीपूर्वीं घराला रंग द्यावयाचा होता, सामान काढलें, तेव्हां त्या रुमालाला कसर लागलेली दिसली. दारांत बोहारीण बसलेली होती. घासाघीस चालली होती, तिला आणखी एक वस्त्र हवें होतें, आणि मीं, सौभाग्यवतींना न विचारतां, तो रुमाल तिच्या गांठोड्यावर टाकला. पोथी मीं नव्या कोऱ्या कापडांत बांधली. पुष्पिकेंत लेखकानें ज्याबद्दल विनवणी केली होती तें सारें मीं पाळलें: तेल नाहीं, पाणी नाहीं, सैल बांधणी नाहीं. रुमालाबद्दल विनवणी कोणी लिहून ठेवली नव्हती. त्या सौद्यांत मिळालेलें पातेलें अजून घरांत आहे. त्यांत रोज दूध तापतें.

सूनबाईंना हें मीं दोन दिवसांनीं सांगितलें. त्या रागावल्या नाहींत. रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. म्हणाल्या, "बाबा, तुम्हांला आठवतो तसा काढून द्या. मी भरतें." मीं कागद घेतला. कमळ आठ पाकळ्यांचें काढलें. मुंबईस धाकट्या भगिनीला दूरध्वनि करून विचारलें, तर ती म्हणाली, "दादा, आठ कशाच्या? बारा होत्या, मी मोजायला त्यावरच शिकलें." राघूंच्या चोंची मला तांबड्या आठवत होत्या, ती म्हणाली, कापडच तांबडें, मग तांबड्यावर तांबडी चोंच दिसेल कशी? मला यावर उत्तर सुचलें नाहीं. चुलतभाऊ म्हणतो, राघू नव्हतेच, मोर होते. तीन पोथ्या आणि तिन्हींत पाठभेद, आणि मूळ बोहारणीच्या गांठोड्यांत. शेवटीं बहिणीचा पाठ ग्राह्य धरला, कारण ती आत्याजवळ निजत असे. माझा आठ पाकळ्यांचा कागद सूनबाईंनीं टांकला नाहीं, घडी घालून ठेवला आहे.

आम्ही परत आल्यावर त्यांनीं काम सुरूं केलें. २०२५ च्या जुलै महिन्यांत त्यांचा निरोप आला. बायोची मूळ पट्टी २०२६ च्या सप्टेंबरपासून कांहीं महिने लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आणून मांडावयाची असें दोन्हीं सरकारांनीं त्या महिन्यांत जाहीर केलें होतें, आणि त्यांचें मंडळ त्या आनंदांत होतें. त्याच निरोपांत खालीं होतें: कमळ झालें, तीन राघू झाले, चौथा चालला आहे, मंडळाच्या रीतीप्रमाणें खालीं नांव घालावयाचें आहे. माझें नको, मी नक्कल करणारी. आधीं आत्यांचें घालतें, मग माझें. आत्यांचें नांव काय?

मी उत्तर लिहावयास बसलों आणि थांबलों. वडील मंडळी तिला ज्या नांवानें हांक मारीत तें घरगुती. तें कापडावर घालण्याजोगें नव्हे. माहेरचें पाळण्यांतलें नांव शोधून काढलें, तें जुन्या टिपणांत सांपडलें. पण लग्नांत तिचें नांव बदललें होतें, आणि तें सासरचें नांव आमच्या घरांत कोणालाच ठाऊक नाहीं. सासर वाईकडचें; तेथें ती संसार असा कधीं केलीच नाहीं. जन्मभर जें नांव तिला कोणी हांक मारून ऐकविलें नाहीं तें घालावें, कीं बापानें ठेवलेलें घालावें, कीं नुसतें 'आत्या' असेंच भरावें, याचा निर्णय मजकडून झाला नाहीं. वाईस त्या घराण्याचे जे कोणी उरले आहेत त्यांचा पत्ता एका परिचितांकडून मिळविला आणि पत्र टाकलें. त्याला आतां पांच आठवडे झाले. सूनबाईंनीं उजव्या कोपऱ्यांतल्या राघूखालीं चार बोटें जागा सोडून ठेवली आहे.